खाज थांबली, नायटा नाही

सोयाबीनची खुरपणी सुरू झाली की हिंगोली जिल्ह्यात अनेकांचा दिवस ओल्या कपड्यांतच जातो. वरून पाऊस, आतून घाम. जांघेत, काखेत, कमरेच्या गाठीखाली खाज सुटते आणि कडा उठलेलं लाल, गोल चकंदळ दिसू लागतं. मग मेडिकलवर जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागितली जाते. दोन दिवसांत आराम पडतो, ट्यूब बाजूला पडते आणि काही दिवसांनी तोच नायटा आणखी पसरून परत येतो.

असं का होतं? नायटा म्हणजेच गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग. कातडीच्या सर्वांत वरच्या थरातलं केराटिन हे तिचं खाद्य. ती कडेकडेने पुढे सरकते आणि मधला भाग निवळत जातो, म्हणून चकंदळ गोल दिसतं. लाली आणि खाज ही शरीराने तिच्याशी मांडलेल्या लढाईची खूण. अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टिरॉइड असतं. ते ही लढाईच थंड करतं. खाज थांबते, बुरशी मात्र मोकळी वाढते. वारंवार लावल्यास कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे ओरखड्यांसारखे पट्टे उमटतात. म्हणूनच केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन हे नाव दिसलं, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नायट्याला लावू नका.

आता बुरशीही चिवट झाली आहे. भारतात फोफावलेल्या एका प्रकाराला 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध त्यावर अनेकदा चालत नाही. त्यामुळे उपचार कित्येक आठवडे चालू शकतात.

हळदीतलं कुरकुमिन प्रयोगशाळेत बुरशीला रोखतं, हे खरं. पण घरच्या हळदीच्या लेपाने पसरलेला नायटा बरा होत नाही.

बरं होण्याचा मोठा भाग रुग्णाच्या हातात असतो. मलम नुसत्या डागावर नको, कडेबाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकं मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, कारण नजरेला न दिसणारी बुरशी कडेला उरलेली असते. शेतातून आल्यावर अंघोळ करून जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. घरात आणखी कुणाला खाज असेल, तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी करा. नाहीतर नायटा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो.

नायटा हा लाजेचा आजार नाही. लाजेपायी तो लपवला जातो आणि लपवल्यानेच घरभर पसरतो. पुढच्या वेळी खाज सुटली, तर मेडिकलच्या आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि जाताना आजवर वापरलेली ट्यूब सोबत न्या. डॉक्टरांना अर्धी गोष्ट त्या ट्यूबवरूनच कळेल.