खेळ आणि श्रद्धा (भाग ५) : क्रीडापानावरचं प्रवचन

बास्केटबॉल १८९१ साली स्प्रिंगफिल्डमध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत जन्मला, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. म्हणून ओक्लाहोमातल्या टल्सा शहरी १९६३मध्ये स्थापन झालेल्या ओरल रॉबर्ट्स या छोट्या ख्रिस्ती विद्यापीठानं त्याच खेळाला हाताशी धरलं, याचं नवल नाही. नवल आहे ते संस्थापकांच्या रोखठोक हिशेबाचं. संस्थापक ओरल रॉबर्ट्स हे टीव्हीवर गाजलेले धर्मोपदेशक. माणूस चर्चला जावो न जावो, पेपरातलं खेळाचं पान वाचतोच. तेव्हा ख्रिस्ती शिक्षणसंस्थेला त्या पानाकडे पाठ फिरवून चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. १९७२मध्ये दहा हजारांवर आसनांचं मेबी सेंटर उभं राहिलं. दोनच वर्षांत विद्यापीठाचा संघ महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचला आणि याच मेबी सेंटरमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, जादा वेळेत कॅन्ससकडून हरला.

हा हिशेब अर्धाच बरोबर होता, असं माझं मत आहे. २०२१ची तीच राष्ट्रीय स्पर्धा पाहा. तिथे प्रत्येक विभागात १६ मानांकित संघ असतात आणि पंधराव्यानं पहिल्याच सामन्यात गाशा गुंडाळायचा असतो. ओरल रॉबर्ट्सच्या पंधराव्या मानांकित संघानं ओहायो स्टेटला जादा वेळेत ७५-७२ असं हरवलं, मग फ्लोरिडाला ८१-७८नं. देशभर नाव झालं, पण नावाबरोबर विद्यापीठाची आचारसंहिताही लोकांनी वाचली. तिच्यात समलिंगी संबंधांना मज्जाव आहे, आणि कौतुकाच्या त्याच आठवड्यात त्यावर झणझणीत टीका छापून आली. लोकांना हाक मारून गोळा करता येतं. त्यांनी काय ऐकावं हे मात्र आपल्या हातात राहत नाही. खेळात धर्म घुसडू नका, असं टीकाकारांना सुनावलं गेलं, पण रॉबर्ट्स यांनीच जी सांगड घातली ती सोडवून दाखवण्याची जबाबदारी टीकाकारांची कशी?

मग हा सारा खटाटोप निव्वळ जाहिरात समजायचा का? तसंही नाही. देह, बुद्धी आणि आत्मा तिन्ही घडवायचे, या संस्थापकांच्या आग्रहामुळे इथे व्यायाम सर्वांनाच सक्तीचा. पूर्वी विद्यार्थी आपला व्यायाम हातानं वहीत टिपून ठेवत; २०१६मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं फिटबिट आलं आणि दिवसाला १०,००० पावलांचं लक्ष्य ठरलं. यावरही पाळत ठेवल्याचा आक्षेप आला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: शरीराची नोंद कुणाच्या हाती जाते, हे विचारायलाच हवं. (वहीत मात्र न धावलेले मैलही लिहिता येत असणार!) तरीही त्यामागची कल्पना मला संघापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण संघात मोजके निवडक उतरतात आणि व्यायामातून कुणाचीच सुटका नाही. आणि त्या मोजक्यांचं पुढे काय झालं? २०२१चा तो संघ फ्लोरिडानंतरच्या फेरीत आर्कान्सासकडून ७२-७० असा हरला.

(पुढील भागात : नोत्र दाम आणि कॅथलिकांचा फुटबॉल)