विजयाकल्पांचा माग आणि ब्लॉकचेन

जातीफलादि चूर्णासारखे विजयायुक्त कल्प ग्रहणीच्या चिकित्सेत परंपरेने वापरले जातात. असा कल्प औषधालयात येतो तेव्हा त्यातील विजया कोठून आली, हे वैद्यास केवळ कागदपत्रांवरून कळते. त्या कागदांत मागाहून फेरफार झाला असल्यास काय?

हा प्रश्न गंभीर आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यानुसार फुलोरा म्हणजे गांजा; शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पानांवर राज्यांचे नियम लागू होतात. शिवाय भांग औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये असल्याने अशा पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा आवश्यक ठरतो. पान व फुलोरा यांतील भेद कायद्यात निर्णायक आहे. परंतु चूर्ण झाल्यावर तो नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण होते.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. तत्पूर्वी, २०१७ मध्ये, आयबीएम कंपनीने ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या शासनास बीजापासून विक्रीपर्यंतचा माग ब्लॉकचेनद्वारे ठेवण्याची सूचना केली होती. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे एकाच वेळी असणारी सामाईक नोंदवही. शेतकरी, परीक्षणशाळा, उत्पादक व विक्रेता आपापली नोंद करतात. प्रत्येक नव्या पानावर मागील पानाची गणिती मोहोर उमटते. जुनी नोंद बदलल्यास मोहोर जुळत नाही आणि इतरांकडील प्रतींमुळे लबाडी उघड होते. कॅनडाची केंद्रीय व्यवस्था मात्र परवानाधारकांच्या मासिक विवरणपत्रांवर आधारलेली आहे.

या तंत्राची मर्यादाही ध्यानात घ्यावी. नोंद बदलू न देणे ते साधते. पहिलीच नोंद खरी असल्याची ग्वाही देत नाही. गोणीत शेंडे मिसळून ‘शुद्ध पाने’ असे लिहिले, तर ती असत्य नोंदच साखळीत कायम होईल. म्हणून द्रव्यपरीक्षा, सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी व परीक्षणशाळेचा अहवाल यांना पर्याय नाही.

औषधालयाच्या चालकांनी यंत्रणेची वाट पाहू नये. विजयायुक्त प्रत्येक कल्पाचा घाणा क्रमांक, उत्पादकाचा परवाना क्रमांक, परीक्षण अहवाल व दिलेल्या मात्रेची नोंद स्वतंत्र वहीत, खाडाखोड न करता ठेवावी. जेथे मूळ नोंदच प्रामाणिक नाही, तेथे कोणतीही साखळी रुग्णाचे रक्षण करू शकणार नाही.