बीडीडी चाळ : १६० चौरस फुटांचं घर

पेनरोजच्या गोदामांमधून वाट काढत घरी निघाला असाल, तर आज मुंबईच्या काही इमारतींची गोष्ट ऐका. तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा तिथे राहिलेही असतील.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरण्या जोरात होत्या, पण कामगारांना राहायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये हे खातं सुरू झालं. बेत ५०,००० खोल्यांचा होता. पैसा उभा करायला कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२.

चाळ म्हटलं की लाकडी कठड्याची मोकळी गॅलरी आठवते. इथे मात्र काँक्रीटची इमारत, मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. तळमजला धरून चार मजले, म्हणजे ८० बिऱ्हाडं. संडास सामायिक. खोली १६० चौरस फुटांची, आपल्या इथल्या एका गाडीच्या गॅरेजपेक्षाही लहान!

गंमत म्हणजे सुरुवातीला यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या. भाडं कामगाराला परवडेना. खोली कोणासाठी बांधतोय हे ठरलं होतं, पण त्याचा खिसा कुणी पाहिला नव्हता. आमच्या आयटीतही असे प्रकल्प कमी नाहीत. पुढे मात्र याच खोल्या भरल्या आणि एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या.

आता म्हाडा तिथे टॉवर बांधते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचा संडास, लिफ्ट, उजेड. हे मिळायलाच हवं होतं. पण जुनी चाळ पडली की पॅसेजमधली दिवाळी, शेजारच्या चुलीवरची आमटी, कोण कुठे झोपायचं, हे सगळं फक्त माणसांच्या आठवणीत उरतं. आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून या रविवारी घरी फोन कराल तेव्हा एवढं विचारा : चाळ क्रमांक किती, खोली क्रमांक किती, शेजारी कोण होतं? उत्तर फोनवर रेकॉर्ड करा आणि मुलांनाही शेजारी बसवा.

भेटू पुढच्या भागात.