बघ्या कोण?

इंग्लंडमध्ये नवीन आले तेव्हा आमच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबावर 'नेबरहूड वॉच'ची पाटी दिसली. नवऱ्याला म्हटलं, "इथेही चाळीसारखे सगळे एकमेकांच्या घरात डोकावतात की काय?" मग कळलं, चोऱ्यांना आळा बसावा म्हणून १९८२ साली चेशरमधल्या मॉलिंग्टन गावात ही योजना सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली.

या 'वॉच'ला मराठीत काय म्हणायचं? 'पहारा' म्हटलं की हातात काठी येते. 'नजर ठेवणं' म्हटलं की संशय येतो. आणि 'बघ्या' तर पार बदनाम! रस्त्यावर कुणी पडलं, गर्दी नुसतीच उभी राहिली, की दुसऱ्या दिवशी पेपरात येतं: 'नागरिकांनी बघ्याची भूमिका घेतली.'

पण आपलं 'बघणं' फार गुणी. "बघतो" म्हणजे काम बहुधा होणार नाही. "बघून घेईन" ही धमकी. आणि "आईकडे कोण बघतं?" हा आम्हा परदेशस्थांना हमखास विचारला जाणारा प्रश्न. मी ऐटीत सांगायचे, "हॉलमध्ये कॅमेरा लावलाय, मीच बघते इथून."

गेल्या डिसेंबरात आई सांगलीच्या घरी न्हाणीघरात घसरून पडली. तिथे सकाळचे साडेसात, म्हणजे आमच्याकडे रात्रीचे दोन. मी गाढ झोपेत. शेजारच्या काकू दूध घ्यायला बाहेर आल्या आणि थबकल्या. दारात रांगोळी नव्हती. "वहिनी रांगोळी घातल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत," असं म्हणत त्यांनी जवळची किल्ली लावून दार उघडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण वेळेवर दवाखान्यात नेलं.

नंतर मी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. तासभर नुसती रिकामी खुर्ची. त्या दिवशी खरा बघ्या तोच होता. आणि त्याच्या भरवशावर झोपलेली मीही.

आता कामाला निघताना मी समोरच्या इंग्रज आजींचे पडदे उघडलेत का ते बघते. एकदा नऊ वाजले तरी बंदच. बिचकत बेल वाजवली. आजी डोळे चोळत आल्या, उशिरा जाग आली होती. मी माफी मागायला लागले, तर हसून म्हणाल्या, "अगं, डिसेंबरात चार-पाच रात्री तुझ्या स्वयंपाकघरात पहाटेपर्यंत दिवा होता. विचारायचं राहूनच गेलं. घरी सगळं ठीक आहे ना?"