दुसऱ्या श्रेणीची मान्यता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुटबॉलच्या एखाद्या व्यावसायिक लीगला दुसऱ्या श्रेणीची अधिकृत मान्यता मिळणार की नाही, हा प्रश्न वरकरणी दप्तरी स्वरूपाचा वाटतो. परंतु ज्या खेळाडूंचे वर्षाचे वेतन, ज्या क्लबांचे मैदानांचे भाडेकरार आणि ज्या शहरांतील प्रेक्षकांची निष्ठा त्या एका निर्णयावर अवलंबून असते, त्यांच्या दृष्टीने तो अस्तित्वाचाच प्रश्न होऊन बसतो. अमेरिकेतील नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग या संस्थेने २००९ ते २०१८ या कालावधीत या अनिश्चिततेचे बहुतेक सर्व प्रकार अनुभवले. त्या प्रकरणाविषयी जे समज रूढ झाले आहेत, त्यांची वस्तुस्थितीशी ताडून पाहणी करणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

गैरसमज १ : ही लीग म्हणजे पेले यांची जुनीच लीग होय.

वस्तुस्थिती : पेले ज्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबाकडून खेळले, आणि जो क्लब सप्टेंबर १९७७ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध सामना खेळून गेला, त्याची मूळ लीग १९६८ मध्ये सुरू होऊन १९८४ च्या मोसमानंतर अस्तंगत झाली. नव्या लीगचा उगम निराळा आहे. युनायटेड सॉकर लीग्ज या संस्थेची मालकी २००९ मध्ये नायके कंपनीकडून दुसऱ्या खरेदीदाराकडे गेली, तेव्हा तिच्यातील काही असंतुष्ट क्लबमालकांनी फारकत घेऊन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्वतंत्र लीग जाहीर केली आणि तिला जुने, कीर्तिमान नाव दिले. नाव वारशाने घेता येते, मान्यता मात्र नव्यानेच मिळवावी लागते.

गैरसमज २ : मान्यता नसलेली लीग बेकायदेशीर असते.

वस्तुस्थिती : अमेरिकेत फुटबॉलची लीग चालविण्यास सरकारचा परवाना लागत नाही. मान्यता देण्याचा अधिकार युनायटेड स्टेट्स सॉकर फेडरेशन या राष्ट्रीय महासंघाकडे आहे, आणि तो फिफाचा सदस्य या नात्याने आलेला आहे. तेव्हा मान्यतेविना खेळणे हा गुन्हा नव्हे. परंतु परदेशी क्लबातून खेळाडू आणावयाचा तर लागणारे आंतरराष्ट्रीय हस्तांतराचे प्रमाणपत्र राष्ट्रीय महासंघाच्या द्वारेच मिळते, महासंघाच्या चषकस्पर्धेत उतरणे त्याच्या छत्राखालील क्लबांनाच शक्य असते, आणि फिफाच्या सदस्य संघटनांना मान्यता नसलेल्या संस्थांशी क्रीडासंबंध ठेवण्याची मुभा नसते. कायद्याने मोकळी असलेली अशी लीग व्यवहारात जगाच्या फुटबॉलपासून तुटून पडते.

गैरसमज ३ : श्रेणी मैदानावरील पराक्रमाने ठरते.

वस्तुस्थिती : इंग्लंडप्रमाणे विजयी संघाने वर चढावे आणि पराभूताने खाली उतरावे, अशी व्यवस्था अमेरिकेत या लीगच्या काळात नव्हती. श्रेणी हा लीगला मिळणारा प्रशासकीय दर्जा होता आणि त्याच्या अटी मुख्यतः आर्थिक होत्या. ऑगस्ट २०१० मध्ये महासंघाने दुसऱ्या श्रेणीसाठी जे निकष जाहीर केले, त्यांनुसार प्रत्येक क्लबाच्या मुख्य मालकाची हिस्सेदारी किमान ३५ टक्के आणि त्याची मालमत्ता किमान दोन कोटी डॉलरची असावी, क्लबाने साडेसात लाख डॉलरची हमी द्यावी, मैदानात निदान ५,००० प्रेक्षकांची सोय असावी, आणि आरंभी आठ असलेले संघ सहाव्या वर्षापर्यंत बारा व्हावेत, असे ठरले. लहान क्लब अर्ध्या मोसमात बुडाले की वेतन थकते आणि वेळापत्रक कोलमडते, या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर हे निकष आले होते. २०११ चे विजेतेपद मिनेसोटाच्या ज्या संघाने पटकावले, त्याला स्वतंत्र मालकच नव्हता, तो लीगच्याच मालकीचा होता. तर त्याच लीगमधील माँट्रियल इम्पॅक्ट हा क्लब चार कोटी डॉलरचे प्रवेशशुल्क भरून २०१२ मध्ये सर्वोच्च श्रेणीच्या मेजर लीग सॉकरमध्ये दाखल झाला.

गैरसमज ४ : मान्यता एकदा मिळाली की ती कायम.

वस्तुस्थिती : २०१० च्या मोसमासाठी महासंघाने परस्परांशी भांडणाऱ्या नव्या लीगला आणि युनायटेड सॉकर लीग्जला, दोहोंनाही, दुसरी श्रेणी नाकारली आणि जानेवारीत तडजोड म्हणून बारा संघांची एक तात्पुरती लीग स्वतःच्या देखरेखीखाली चालविली. नोव्हेंबर २०१० मध्ये नव्या लीगला हंगामी मान्यता मिळाली, जानेवारी २०११ मध्ये ती काढून घेतली गेली, फेब्रुवारीत पुन्हा बहाल झाली, आणि एप्रिलमध्ये आठ संघांनिशी सामने सुरू झाले. पुढे २०१७ साठी या लीगला व तिच्या प्रतिस्पर्धी युनायटेड सॉकर लीगला एकाच वेळी दुसऱ्या श्रेणीची हंगामी मान्यता देण्यात आली. २०१८ साठी मात्र नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचा अर्ज नामंजूर झाला. मान्यता मुदतीची आणि सशर्त असते. निकष पुरे होत नसतील तेथे सवलत मागावी लागते, आणि अनिश्चितता बहुतेक वेळा या सवलतींतूनच उद्भवते.

गैरसमज ५ : नकार म्हणजे उघड पक्षपात.

वस्तुस्थिती : लीगचा आरोप तसाच होता. मेजर लीग सॉकरशी निगडित विपणनसंस्थेमार्फत महासंघाचे व्यापारी हक्क विकले जात असत, म्हणून महासंघ त्रयस्थ राहिला नाही, अशी तिची तक्रार होती, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिने ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली फिर्याद दाखल केली. नोव्हेंबरात न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम देण्याचे नाकारले, फेब्रुवारी २०१८ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला, आणि लीगने २०१८ चा मोसम रद्द केला. २०२५ च्या आरंभी ज्यूरीनेही लीगविरुद्ध कौल दिला. आरोप सिद्ध झाला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण आरंभीच्या काळात, २०१० व २०११ अशी लागोपाठ दोन वर्षे, एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या मोसमाचा दर्जा नवे साल उजाडल्यावरही अनिर्णित राहिला, हेही तितकेच खरे आहे. आणि त्या अवधीत कोणत्या क्लबाने कोणाशी किती मुदतीचा करार करावा, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

गैरसमज ६ : मान्यता मिळाली म्हणजे भवितव्य सुरक्षित.

वस्तुस्थिती : सॅन फ्रान्सिस्को डेल्टाज हा क्लब मान्यताप्राप्त लीगमध्ये खेळला, नोव्हेंबर २०१७ मध्ये अंतिम सामना जिंकला, आणि आपला तो पहिलाच मोसम संपताच बंद झाला. मान्यता प्रेक्षक आणून देत नाही की तोटा भरून काढीत नाही. तिच्या अभावी भांडवल येत नाही, आणि भांडवलाच्या अभावी ती टिकत नाही, अशा कात्रीत लहान लीग सापडते.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा आहे, असेही कोणी समजू नये. इंडियन सुपर लीगला सर्वोच्च श्रेणी देऊन आय-लीगला खालचे स्थान देण्याचा बेत पुढे आला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे गोव्याचे नामांकित क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. आय-लीग प्रत्यक्षात दुसऱ्या श्रेणीची झाली ती २०२२-२३ च्या मोसमापासून. मधली वर्षे दर्जाच्या संदिग्धतेत गेली, आणि तिची झळ मैदानाला लागली.

निकष कठोर असावेत, कारण खेळाडूचे वेतन बुडविणाऱ्या मालकाला लीग चालविण्याचा नैतिक अधिकार नाही. परंतु कठोर निकष लावणाऱ्या महासंघावर निर्णय वेळेत, लेखी आणि सकारण देण्याचे बंधनही तेवढ्याच कठोरपणे असले पाहिजे. म्हणून वाचकांना विनंती अशी की, एखाद्या लीगला मान्यता मिळाल्याची किंवा नाकारल्याची वार्ता कानी आली, की हर्ष अथवा संताप व्यक्त करण्यापूर्वी ती कोणत्या श्रेणीची, किती मुदतीची आणि कोणत्या सवलतींवर आहे, हे तीन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत.