नीटचा स्कोअर कमी आला म्हणून बी.एस्सी. बायोलॉजी? कुपवाडजवळच्या कॉलेजात नाव घालण्याआधी हे विचारा

नीटचा निकाल लागला की कुपवाडमधल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पुन्हा एक वर्ष द्यायचं, की जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करायची? बहुतेक जण दोन्ही करतात. ‘नाव तेवढं असू दे’ म्हणून फी भरतात आणि लक्ष क्लासकडे ठेवतात. पण डॉक्टरकीचा नाद सुटल्यावर हातात राहते ती हीच पदवी. म्हणून ती नेमकी काय आहे, हे आधीच समजून घ्या.

बारावीचा बायोलॉजी इथे एक विषय नाही

पदवीला त्याचे तुकडे होतात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि काही ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्र. सांगली जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात एक विषय ‘मेजर’ असतो आणि पुढच्या एम.एस्सी.ची वाट बरीचशी त्यावरच ठरते. लहान कॉलेजात सगळे विषय मेजरला मिळतीलच असं नाही. माहितीपत्रकात विषयाचं नाव आहे म्हणून समाधान मानू नका, ‘तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून शिकवता का?’ असं थेट विचारा.

चौथं वर्ष सगळीकडे मिळत नाही

तीन वर्षांनी नेहमीची पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. चार वर्षं केली तर एम.एस्सी. एका वर्षाची, नाहीतर दोन वर्षांची. इथपर्यंत सोपं आहे. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी मात्र पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. शिवाय यूजीसीच्या नियमांनुसार त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. मोजक्या प्राध्यापकांवर चालणाऱ्या विभागाला ही अट जड जाते. तुमचे गुण कितीही चांगले असले तरी कॉलेजच त्यात बसत नसेल, तर तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांची एम.एस्सी. करणं हाच सरळ रस्ता. त्यात कमीपणा काही नाही.

मग लहान कॉलेजात जायचंच कशाला?

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा एका यंत्राभोवती आम्ही वीस जण उभे असायचो. मागच्या रांगेतल्यांना फक्त आवाज ऐकू यायचा. बॅच लहान असेल तर मायक्रोस्कोप जास्त वेळ तुमच्या हातात राहतो, आणि या विषयात तीच खरी कमाई आहे.

बेडूक कापावा लागेल या भीतीने प्राणिशास्त्र टाळत असाल तर टाळू नका. पदवीच्या वर्गातलं प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला यूजीसीने २०१४ मध्येच सांगितलं.

आणि प्रयोगशाळेबाहेर काय आहे बघा. कृष्णेत मगरी आहेत, सागरेश्वरचं अभयारण्य आहे, तासगाव-मिरजेच्या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत. बागायतदार ज्याला डाऊनी किंवा केवडा म्हणतो, तो रोग आपण बुरशीत धरतो. पण त्याला कारणीभूत जीव खऱ्या बुरशीत मोडत नाही, तो तपकिरी शैवालांच्या जवळचा. घरच्या बागेतलं पान स्लाइडवर ठेवून हे बघता येतं, त्यासाठी पुणे गाठावं लागत नाही.

नोकरीचं काय?

मिरजेत दवाखाने भरपूर, म्हणून लॅबमध्ये लगेच काम मिळेल असं अनेकांना वाटतं. तंत्रज्ञाच्या कामासाठी डीएमएलटीसारखा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही डॉक्टरचीच लागते. नुसत्या बी.एस्सी.वर लॅब टाकण्याचा बेत असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवा.

आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर ‘जॅम’ परीक्षेत बायोटेक्नॉलॉजीचा पेपर असतो. त्यात बारावीच्या पातळीचं गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रही येतं. बायोलॉजी घेतलं म्हणून गणिताची वही रद्दीत घातली असेल, तर परत आणा.

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा ऑफिसच्या खिडकीवरून परत फिरू नका. प्रयोगशाळा बघायला मागा. मायक्रोस्कोपवर धूळ किती आहे, ते बघा.