शिष्यवृत्ती सोडणारा खेळाडू ते सर्वोत्तम बचावपटू : जे. जे. वॅट यांचा प्रवास

अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक खेळाडू घडवण्याचे काम प्रामुख्याने विद्यापीठे करतात. नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएलमधील बहुतांश खेळाडू विद्यापीठीय स्पर्धांतूनच येतात. शालेय शिक्षण संपून किमान तीन वर्षे झाल्याखेरीज कोणालाही या लीगच्या निवड प्रक्रियेत उतरता येत नाही. या चाळणीतून जाताना प्रतिभेइतकाच योग्य वेळी घेतलेला निर्णयही कसा महत्त्वाचा ठरतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे जे. जे. वॅट.

विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशॉ येथे 22 मार्च 1989 रोजी जन्मलेले वॅट हे अग्निशमन दलातील कर्मचाऱ्याचे पुत्र. 2007 मध्ये ते सेंट्रल मिशिगन विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीवर दाखल झाले, पण बचावपटू म्हणून नव्हे. तेथे ते ‘टाइट एंड’ या जागेवर खेळत. प्रतिस्पर्ध्यांना रोखणे आणि प्रसंगी चेंडू झेलणे, अशी दुहेरी जबाबदारी असलेली ही आक्रमक फळीतील जागा आहे. पहिल्या हंगामात त्यांनी आठ झेल घेतले. आपले भवितव्य या जागेवर नाही, हे ओळखून त्यांनी शिष्यवृत्तीवर पाणी सोडले.

विनाशिष्यवृत्ती प्रवेश

मधल्या काळात वॅट यांनी गावी राहून पिझ्झा घरपोच देण्याचे काम केले. त्यानंतर ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात ‘वॉक-ऑन’ म्हणून दाखल झाले. अशा खेळाडूला सरावाची संधी मिळते. मात्र त्याला शिष्यवृत्ती नसते आणि सामन्यात स्थान मिळण्याची शाश्वतीही नसते. विद्यापीठ बदलणाऱ्याने एक हंगाम बाहेर बसावे, असा तेव्हाचा नियम असल्याने 2008 चे संपूर्ण वर्ष त्यांनी केवळ सरावात घालवले. (2021 पासून हा नियम शिथिल झाला. त्याच वर्षापासून विद्यापीठीय खेळाडूंना आपल्या नावाच्या व छायाचित्राच्या व्यावसायिक वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभाही मिळाली. वॅट यांच्या वेळी यांपैकी काहीच नव्हते.)

याच काळात त्यांचे रूपांतर ‘डिफेन्सिव्ह एंड’मध्ये, म्हणजे बचाव फळीच्या टोकाच्या खेळाडूत झाले. समोरच्या धिप्पाड अडवणाऱ्यांना मागे सारून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारापर्यंत पोहोचणे हे त्याचे मुख्य काम. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. बचावपटूच्या मोलाचे हे सर्वांत परिचित माप होय. 2010 च्या हंगामात वॅट यांनी सात सॅक नोंदवले. विद्यापीठाकडून खेळण्याचे एक वर्ष शिल्लक असतानाही त्यांनी व्यावसायिक निवडीसाठी नाव नोंदवले.

निवड होते कशी?

एनएफएलच्या ‘ड्राफ्ट’मध्ये आयपीएलप्रमाणे बोली लागत नाही. 32 संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने खेळाडू निवडतात आणि मागील हंगामात सर्वांत खालच्या स्थानी असलेल्या संघाला पहिली निवड मिळते. या क्रमाची संघ आपसांत अदलाबदलही करू शकतात. दरवर्षी सुमारे अडीचशे खेळाडूंची नावे पुकारली जातात. त्याआधी इंडियानापोलिस येथील चाचणी शिबिरात उंची, वजन, वेग, उडी व ताकद यांचे मोजमाप होते. 2011 च्या शिबिरात वॅट यांनी सुमारे 102 किलोचे वजन 34 वेळा उचलले. सव्वाशे किलोहून अधिक वजनाच्या या खेळाडूची उभी उडी 37 इंचांची होती.

28 एप्रिल 2011 रोजी ह्यूस्टन टेक्सन्सने त्यांना अकराव्या क्रमांकावर निवडले, तेव्हा संघाच्या काही चाहत्यांनी उघड नापसंती दर्शवली. संघाचे गणित मात्र वेगळे होते. आदल्या हंगामात टेक्सन्सचा बचाव लीगमधील सर्वांत दुबळ्या बचावांपैकी एक होता. त्यामुळे बचाव प्रशिक्षक म्हणून आलेले वेड फिलिप्स तीन जणांच्या आघाडीची नवी रचना राबवणार होते. त्या रचनेच्या टोकाला उंच, लांब हातांचा आणि दोन प्रतिस्पर्ध्यांना एकाच वेळी गुंतवू शकणारा खेळाडू हवा होता. त्याच हंगामात टेक्सन्सने इतिहासात प्रथमच बाद फेरी गाठली. सिनसिनाटीविरुद्धच्या पहिल्याच बाद सामन्यात वॅट यांनी प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू अडवून थेट टचडाउन केले.

शिखर आणि त्याची किंमत

2012 मध्ये वॅट यांनी 20.5 सॅक केले आणि 2014 मध्ये त्याच आकड्याची पुनरावृत्ती केली. दोन हंगामांत वीस किंवा अधिक सॅक करणारे ते पहिले खेळाडू ठरले. 2014 मध्ये त्यांच्या नावावर पाच टचडाउनही लागले. त्यांपैकी तीन आक्रमणात झेल घेऊन केलेले होते. टाइट एंडचा जुना अनुभव असा कामी आला. 2012, 2014 आणि 2015 असे तीनदा ते वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरले.

या खेळाने शरीराकडून त्याची वसुलीही केली. पाठीच्या दुखापतीमुळे 2016 मध्ये त्यांना तीनच सामने खेळता आले, तर 2017 मध्ये पायाचे हाड मोडल्याने पाचच. तरीही 2018 मध्ये परतून त्यांनी 16 सॅक केले. 2017 मध्ये हार्वी चक्रीवादळाने ह्यूस्टनची दैना उडवली, तेव्हा त्यांच्या आवाहनावर पूरग्रस्तांसाठी 3 कोटी 70 लाख डॉलरहून अधिक निधी जमला. 2021 मध्ये ते ॲरिझोना कार्डिनल्सकडे गेले. 2022 च्या अखेरच्या हंगामातही 12.5 सॅक करून, कारकिर्दीत एकूण 114.5 सॅक नोंदवून ते निवृत्त झाले.

त्यांचे धाकटे बंधू टी. जे. वॅट यांनीही विस्कॉन्सिन विद्यापीठात टाइट एंड म्हणून सुरुवात करून पुढे बचावाची वाट धरली. पिट्सबर्ग स्टीलर्सने 2017 मध्ये त्यांना पहिल्या फेरीत निवडले आणि 2021 मध्ये तेही वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरले.